ताणाने गळून गेल्यावर सावरायचं कसं: टप्पे, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

ताणाने आलेला थकवा आठ दिवसांच्या रजेने जात नाही, तरी पहिला उपाय तोच होतो. रजा टाकायची, गावी जायचं, तिथे लग्नं आणि पाहुणचार उरकायचा आणि सोमवारी पुन्हा पूर्ण भाराने कामावर हजर. दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'अंग हललं की तरतरी येईल' म्हणून पहिल्याच आठवड्यात जिम लावणं. रजा आणि व्यायाम दोन्ही लागतात, पण आपापल्या वेळी. चुकीच्या क्रमाने केले की थोडं बरं वाटतं, माणूस जोर लावतो आणि आधीपेक्षा खाली घसरतो. म्हणून खालचे टप्पे ओळीनेच घ्या. टप्प्याच्या शेवटी जिथे पडताळणी दिली आहे, ती जमली नाही तर पुढे सरकू नका.

सुरुवातीला: हा तोच थकवा आहे का?

साध्या दमणुकीची खूण सोपी आहे. दोन रात्री नीट झोप लागली, एक रविवार मोकळा मिळाला की ती उतरते. ताणाने आलेला थकवा झोपून उठल्यावरही तसाच असतो. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही, साधा फोन करायचा तरी अंगावर येतं. घाई असली की डोकं बंद पडतं. मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज सहन होत नाही. छातीत धडधडतं, पोट बिघडतं, मान आणि खांदे आखडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउट (ताणाने गळून जाणं) आजारांमध्ये धरलेला नाही. कामाच्या जागी सतत राहिलेल्या, न हाताळलेल्या ताणातून येणारी स्थिती अशी त्याची नोंद आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर तो शब्द नसेल तर वाद घालू नका. तपासणीत जे आढळेल तेच ते लिहितील. स्वीडनमध्ये मात्र २००५ पासून या थकव्याचं वेगळं निदान करतात. त्यासाठी किमान ६ महिने ओळखता येईल असा ताण आणि किमान २ आठवडे जवळपास रोज लक्षणं, असा निकष आहे. घरी अंदाज घ्यायला हे माप चांगलं आहे.

टप्पा १: शरीरातली कारणं तपासून घ्या

ताण आहे म्हणजे थकवा ताणाचाच, असं धरून चालणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ताणाखाली असलेल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिनही कमी असणार.

नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि या तपासण्यांबद्दल विचारा:

- सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. साधारणपणे हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात.
- फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा असू शकतो.
- टीएसएच, थायरॉइडसाठी.
- बी-१२. शाकाहारी असाल, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल तर ही टाळू नकाच.
- एचबीए१सी (साखरेसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हरची तपासणी आणि डॉक्टरांना गरज वाटली तर ड जीवनसत्त्व.

रक्त देण्याआधी 'ताकदीच्या' गोळ्या सुरू करू नका. बी-१२ चं इंजेक्शन आधीच घेतलं की अहवाल चांगला दिसतो आणि कमतरता लपते. केस-नखांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. अशा गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने चाचणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा.

तीन गोष्टी विचारल्याशिवाय सांगितल्या जात नाहीत, त्या स्वतःहून बोला: झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, पाळीत होणारा जास्त रक्तस्राव, आणि डेंग्यू, चिकनगुनिया किंवा कोविड झाल्यापासून सुरू झालेला थकवा.

इशारा. छातीत दुखणं, थोडं चालल्यावर दम लागणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री घाम येऊन बारीक ताप, काळं शौच, यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मनाची तपासणीही याच टप्प्यात करायची. नुसत्या थकव्यात आवडीचं करायची इच्छा असते, ताकद नसते. इच्छाच उरली नसेल, सगळं निरर्थक वाटत असेल तर नैराश्य असू शकतं, आणि दोन्ही एकत्रही असतात. डॉक्टर वापरतात ती पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. एकूण गुण २७ असतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, घरातल्या एका माणसाला सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

टप्पा २: चौदा दिवसांची वही

तपासण्या चालू असतानाच एक साधी वही घ्या. मोबाइलमधलं ॲप नको, कारण ते उघडताना शंभर मेसेज दिसतात. रोज चारच नोंदी करायच्या: किती वाजता झोप लागली आणि किती वाजता उठलात, सकाळी ताकद दहापैकी किती, दिवसात काय काय केलं, आणि रात्री ताकद किती उरली.

भावना, कारणमीमांसा काही लिहायचं नाही. उदाहरणार्थ: 'मंगळवार. १२.३० ते ६. सकाळी ३. ऑफिस, येताना भाजी, आईचा दवाखाना, रात्री ९ चा कॉल. रात्री १.' पुढच्या ओळीत बुधवारची सकाळ १ वर आलेली दिसेल. दोन आठवड्यांत कळतं की तुम्हाला खाली आणणारं नेमकं काय आहे. बहुतेकांना वाटतं ऑफिसचं काम, आणि वहीत निघतो परतीचा प्रवास किंवा रात्रीचा तो एक कॉल.

*पडताळणी:* सगळ्यात वाईट तीन दिवस शोधा. त्या दिवशी तुम्ही अंदाजे किती वेळ काम करू शकलात, ते अधोरेखित करून ठेवा. पुढे हाच आकडा लागणार आहे.

टप्पा ३: भार कमी करा, तोही मोजून

विश्रांतीच्या आधी हा टप्पा का? दिवसा तास-दीड तास पडून राहिलात आणि बाकी भार तसाच ठेवला, तर तेच काम रात्री जागून करावं लागतं. शरीराच्या दृष्टीने विश्रांती झालीच नाही.

वहीतल्या कामांचे तीन गट पाडा: मीच करायला हवं, दुसरं कोणी करू शकेल, आणि सहा आठवडे नाही केलं तरी चालेल. तिसऱ्या गटात किमान पाच कामं आलीच पाहिजेत. येत नसतील तर यादी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. सोसायटीच्या कमिटीचं काम, भिशी, प्रत्येक बारशाला हजेरी, दिवाळीचा सगळा फराळ घरीच करण्याचा हट्ट, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटाला उत्तरं देणं, हे सगळं सहा आठवडे थांबू शकतं.

घरकामाबाबत एक चूक सतत होते. 'जरा मदत करा' असं सांगितलं जातं. मदतीत काम वाटलं जातं, काळजी मात्र तुमच्याकडेच राहते. भाजी आणायला दुसरं कोणी गेलं, तरी काय संपलं हे बघणं, यादी करणं, आठवण करणं तुम्हीच करता. म्हणून काम तोडून देऊ नका, अख्खं खातं द्या. 'अहो, सकाळचं पाणी भरणं आणि दूध आजपासून तुमच्याकडे. मी विचारणार नाही आणि आठवणही करणार नाही.' पाणी साडेपाचला येतं, तर गजरही त्यांनीच लावायचा. पहिल्या आठवड्यात एखाद्या दिवशी टाकी रिकामी राहील. तेव्हा मध्ये पडलात की खातं तुमच्याकडे परत आलंच.

ऑफिसात 'झेपत नाही' असं मोघम सांगून उपयोग नसतो. त्याला 'सगळ्यांचंच असं आहे' हे उत्तर तयार असतं. यादी पुढे ठेवा आणि निवड वरिष्ठांना करू द्या: 'मॅडम, डॉक्टरांनी पुढचे सहा आठवडे भार कमी ठेवायला सांगितलंय. माझ्याकडे सध्या ही पाच कामं आहेत. यांतली कोणती तीन आधी हवीत ते सांगा. उरलेली दोन पुढे ढकलायची की कोणाला द्यायची, तेही आजच ठरवून घेऊ.' बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. पंधरा दिवसांनी तोंडी बोलणं कोणाला आठवत नसतं.

रजेचं गणितही आत्ताच करा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित रजा म्हणून पूर्ण पगारावर घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआयसी (कामगार विमा) कापली जाते, त्यांना वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के दराने मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पुष्कळ कामगार हा लाभ न मागता बिनपगारी रजा टाकतात.

इशारा. या टप्प्यात राजीनामा देऊ नका. थकलेल्या डोक्याला दोनच पर्याय दिसतात, सहन करा किंवा सोडा. नोकरी सोडायचीच असेल तर तो निर्णय सहाव्या टप्प्यानंतर घ्या. जिथे छळ होतोय किंवा जिवाला धोका आहे, तिथे मात्र हे लागू नाही.

टप्पा ४: झोप बसवणं

बाकीचे टप्पे यावर उभे आहेत, म्हणून इथे घाई नको. तीन-चार आठवडे धरून चला.

१. उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नव्हे. आठवड्याचे सातही दिवस तीच वेळ, फार तर अर्धा तास मागेपुढे. रविवारी अकरापर्यंत झोपलात तर रात्री झोप लागत नाही आणि सोमवार हातचा जातो.

२. उठल्यापासून तासाभरात १५-२० मिनिटं बाहेरच्या उजेडात जा. गॅलरी, गच्ची, कुठेही. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं, आणि घरातला दिवा त्याला पुरत नाही.

३. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातला अर्धा रात्री अकराला अंगात असतो. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर एकदम तोडू नका, डोकं धरतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर त्यांच्या आगेमागे तासभर चहा नको, लोह शोषलं जात नाही.

४. झोप आली तरच अंथरुणावर जा. साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, मंद दिव्यात बसा, कंटाळवाणं काही वाचा किंवा कपड्यांच्या घड्या घाला. पेंग आली की परत जा. घड्याळ बघायचं नाही. तासन्‌तास तळमळत पडून राहिलं की मेंदू अंथरुणाचा संबंध जागेपणाशी जोडतो.

५. दुपारची डुलकी २० ते ३० मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून.

एका खोलीत चार माणसं राहत असतील तर 'बेडरूममध्ये टीव्ही नको' हा सल्ला फुकट आहे. तिथे टीव्हीची वेळ ठरवून घ्या, कानात बोळे घाला आणि डोळ्यांवर ओढणी बांधा. रात्रपाळीवाल्यांनी कामाच्या आणि सुटीच्या दोन्ही दिवसांत सामाईक राहतील असे किमान चार तास पक्के धरावेत, समजा सकाळी ८ ते १२, आणि उरलेली झोप पुढे-मागे जोडावी. सकाळी घरी येताना काळा चष्मा लावा. स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर मात्र नको. खिडकीला जाड पडदा हवा.

*नेहमीची चूक:* शेजाऱ्याने दिलेली अल्प्राझोलमची अर्धी गोळी. या गोळ्यांची सवय लागते आणि त्या अचानक थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. झोपेसाठी दारू तर नकोच. डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा दुसरा भाग तुटक होतो. अश्वगंधाही 'निरुपद्रवी' म्हणून आपापली सुरू करू नका. काहींच्या यकृताला तिचा त्रास झाल्याची नोंद आहे आणि थायरॉइडच्या औषधांबरोबर ती आकडे बिघडवू शकते.

*पडताळणी:* आठवड्यातल्या सातपैकी पाच रात्री सलग झोप आणि सकाळची ताकद निदान ४. हे दोन आठवडे टिकलं की पुढे.

टप्पा ५: दिवसाचे तुकडे

दुसऱ्या टप्प्यात अधोरेखित केलेला आकडा आता काढा. वाईट दिवशी जेवढं जमलं, तेवढंच रोज करायचं, चांगल्या दिवशीसुद्धा. हे जड जातं. सकाळी ताकद ६ वाटली की माणूस कपाट आवरायला काढतो, साचलेले मेल निपटतो आणि पुढचे दोन दिवस आडवा होतो. हे चढउतार थांबेपर्यंत सावरणं सुरूच होत नाही.

डोक्याचं काम २५ मिनिटं, मग १० मिनिटं विश्रांती. विश्रांती म्हणजे डोळे मिटून पाठ टेकणं. मोबाइल चाळणं ही विश्रांती नाही, त्यातही वाचणं, ठरवणं, प्रतिक्रिया देणं चालूच असतं. शवासन येत असेल तर उत्तम. नाहीतर चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. गजर झाला की काम अर्धवट सोडून उठायचं. 'एवढं संपवतो' हेच वाक्य तुम्हाला इथपर्यंत घेऊन आलंय.

जेवणाच्या वेळा पक्क्या करा. सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडणं बंद. पोहे, भाकरी, अंडं, काहीही चालेल, पण पोटात काही हवं.

*पडताळणी:* वहीतली रोजची ताकद एकमेकीपासून दोन अंकांच्या आत राहू लागली की दर आठवड्याला साधारण दहावा भाग काम वाढवा. ६० मिनिटांची ६५ झाली, एवढंच.

टप्पा ६: अंग हलवणं

सपाट रस्त्यावर १० मिनिटं चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने. आठवडाभर दुसऱ्या दिवशी त्रास झाला नाही तर दोन मिनिटं वाढवा. साधारण ३० मिनिटांवर पोचल्यावर सूर्यनमस्कार, सायकल, टेकडी यांचा विचार करा.

इशारा. चालल्यावर त्याच दिवशी ठीक, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पूर्ण गळून जातं, घसा दुखतो, डोकं चालत नाही, असं वारंवार होत असेल तर चालणं वाढवणं थांबवा. विषाणूजन्य तापानंतर राहणाऱ्या दीर्घ थकव्याची ही खूण असू शकते. तिथे व्यायाम नेटाने वाढवत नेल्याने नुकसान होतं. डॉक्टरांना नेमक्या याच शब्दांत सांगा.

टप्पा ७: कामावर परतणं

रजेवर असाल तर परतण्याआधी तीन गोष्टी करून बघा. वर्तमानपत्रातला एक मोठा लेख एका बैठकीत वाचा आणि तासाभराने त्यात काय होतं ते कोणाला तरी सांगा. एकदा कामाच्या दिवशी, नेहमीच्याच वेळेला नेहमीचा प्रवास करा. कल्याणहून सीएसएमटीला जाणारी सकाळची लोकल पकडायची, उतरून बाकावर बसायचं, चहाऐवजी ताक किंवा पाणी घ्यायचं आणि गर्दी ओसरल्यावर परत यायचं. आणि ऑफिसचा मेल उघडून अर्धा तास नुसता वाचा, उत्तर देऊ नका. या तिन्हींनंतर दुसऱ्या दिवशीची ताकद घसरली नाही तर तारीख ठरवा.

सोमवारी हजर होऊ नका. बुधवारी किंवा गुरुवारी व्हा, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो. अर्धा दिवस, मग पाऊण, मग पूर्ण अशी सोय मिळत असेल तर लेखी घ्या. आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी ती मिळते, म्हणून रजाच वेगळ्या पद्धतीने वापरा. पाच दिवसांचा आठवडा असेल आणि खात्यात आठ रजा उरल्या असतील तर सलग आठ दिवस टाकू नका. आठ आठवडे दर बुधवारी एक टाका. सलग दोन दिवसांहून जास्त काम पडतच नाही, आणि याचा फायदा त्या आठ दिवसांच्या सुटीपेक्षा कितीतरी जास्त होतो. शिक्षक, बँकवाले, दुकानात काम करणारे, ज्यांना मधली रजा मिळणं कठीण आहे, त्यांनी निदान बुधवारची संध्याकाळ पूर्ण मोकळी ठेवावी: स्वयंपाक नाही, शिकवणी नाही, फोन नाही.

पहिल्या महिन्यात जास्तीची जबाबदारी, नवीन सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण, कोणाच्या बदलीची पाळी, काही घेऊ नका. झोप आणि ताकद परत आली तरी स्मरणशक्ती आणि घाईत काम करण्याची क्षमता मागे राहते, ती यायला काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. तोवर सूचना लिहून घ्या आणि एका वेळी एकच फाइल उघडा.

पुन्हा घसरलं तर

घसरण होणार, ती धरूनच चाला. प्रत्येकाची आधी दिसणारी खूण वेगळी असते. कोणाला पहाटे साडेतीनला जाग येते, कोणी मुलांवर विनाकारण ओरडू लागतं, कोणाच्या पापण्या फडफडतात. आपल्या दोन खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा, कारण ते तुमच्याआधी त्यांच्या लक्षात येतं.

खूण दिसली की त्या आठवड्याचा भार तिसऱ्या भागाने कमी करा, उठण्याची वेळ आणि दुपारी दोननंतर चहा बंद, हे पुन्हा काटेकोर पाळा, आणि पाचव्या टप्प्यावर या. पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. दोन आठवड्यांत ताकद पूर्वीच्या आकड्यावर आली नाही, तर डॉक्टरांकडे परत जाताना वही सोबत न्या. 'खूप थकवा येतो' या वाक्यापेक्षा वहीतल्या नोंदींवरून त्यांना लवकर कळेल.